चंदगडचं घड्याळ: ५७१ दिवसांची उलटगणती

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार. सकाळी ८ वाजता चंदगड विधानसभा मतदारसंघाची मतमोजणी सुरू झाली आणि त्या दिवशी राष्ट्रवादी काँग्रेसचा १५ वर्षांचा गड कोसळला. निवडून आले अपक्ष शिवाजी पाटील, २४,१३४ मतांच्या फरकानं. राष्ट्रवादीच्या दोन गटांचे दोन उमेदवार समोर होते. त्या दोघांच्या मतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा २३ हजारांनी जास्त भरत होती.

कोल्हापूर जिल्ह्याचं हे दक्षिण टोक. बाजारहाटाला बेळगाव जवळ, तिलारीचा घाट उतरला की कोकण आणि पुढं गोवा. चंदगड तालुक्याबरोबर गडहिंग्लज तालुक्याचा मोठा भाग या मतदारसंघात येतो. विधानसभेचे माजी अध्यक्ष बाबासाहेब कुपेकर २००९ ला इथून राष्ट्रवादीचे आमदार झाले. सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांचं निधन झालं. २०१३ ची पोटनिवडणूक आणि २०१४ ची निवडणूक त्यांच्या पत्नी संध्यादेवी यांनी जिंकली. २०१९ ला माजी आमदार नरसिंगराव पाटील यांचे चिरंजीव राजेश पाटील याच पक्षाकडून निवडून आले. लागोपाठ चार निवडणुकांत घड्याळाचं चिन्ह जिंकत आलं होतं.

ते का हरलं, याचं उत्तर फक्त चंदगडच्या प्रचारात शोधून भागणार नाही. पक्षाचा नेता कोण, हे ठरवायची मोजता येईल अशी रीत पक्षात नव्हती. तो वाद मुंबईत पेटला, दिल्लीत निकाली निघाला आणि त्याची किंमत चंदगडच्या मतदान केंद्रांवर मोजली गेली. त्याचा हा घटनाक्रम.

२ मे २०२३, मंगळवार, दुपार: ५७१ दिवस आधी

मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या सभागृहात ‘लोक माझे सांगाती’ या शरद पवारांच्या आत्मचरित्राच्या सुधारित आवृत्तीचं प्रकाशन चालू आहे. भाषणाच्या ओघात पवार जाहीर करतात की, आपण पक्षाध्यक्षपद सोडत आहोत. सभागृहात आक्रोश सुरू होतो. कार्यकर्ते खुर्च्या सोडून व्यासपीठाकडं धावतात, नेते डोळे पुसतात. पुतणे अजित पवार एकटेच सांगत राहतात की, साहेबांचा निर्णय मान्य करा, नवा अध्यक्ष त्यांच्याच मार्गदर्शनाखाली काम करील.

१० जून १९९९ ला स्थापन झालेल्या पक्षाला २४ वर्षांत एकच अध्यक्ष होता. पहिल्यांदाच प्रश्न उघड्यावर आला होता: यानंतर कोण?

५ मे २०२३, शुक्रवार: ५६८ दिवस आधी

ज्येष्ठ नेत्यांची समिती बसते आणि राजीनामा नामंजूर करते. संध्याकाळी पवार तो मागं घेतात. गावोगावी पेढे वाटले जातात.

त्या तीन दिवसांत पक्षाला एक संधी चालून आली होती. अध्यक्ष स्वतःहून बाजूला होतो म्हणतो, दोन-तीन नावं चर्चेत आहेत, सभासद राज्यभर पसरलेले आहेत. तारीख ठरवावी, अर्ज मागवावेत, मतदान घ्यावं. पवारच पुन्हा निवडून आले असते, अगदी बिनविरोधही आले असते. पण निवडीची रीत एकदा पडली असती आणि हरणाऱ्याला आपली ताकद किती आहे हे कळलं असतं. तो प्रश्न समितीनं ठरावात गुंडाळून ठेवला.

त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमध्ये काय झालं ते आठवून पाहावं. हुजूर पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी पत्र दिलं की नेत्यावर विश्वासमत घ्यावंच लागतं, असा तिथला नियम होता. ६ जून २०२२ ला बोरिस जॉन्सन यांनी ते २११ विरुद्ध १४८ मतांनी जिंकलं. महिनाभरात मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली आणि ७ जुलैला त्यांना पद सोडण्याची घोषणा करावी लागली. खासदारांनी दोन नावं उरेपर्यंत चाळणी लावली, मग पक्षाच्या सभासदांनी मतं दिली. लिझ ट्रस ८१,३२६, ऋषी सुनक ६०,३९९. ट्रस यांचा कारभार दीड महिन्यातच कोसळला. म्हणजे मतदान घेतलं की शहाणपण येतंच असं नाही. पण हरलेल्या सुनक यांना पक्ष फोडावा लागला नाही. आपल्यामागं ६० हजार सभासद आहेत हे त्यांच्यासह साऱ्या देशाला कळलं होतं, आणि ऑक्टोबरमध्ये तेच पंतप्रधान झाले.

२१ जून २०२३, बुधवार: ५२१ दिवस आधी

१० जूनला सुप्रिया सुळे आणि प्रफुल्ल पटेल यांची कार्याध्यक्ष म्हणून निवड झाली आहे. निवड म्हणजे व्यासपीठावरून केलेली घोषणा. ११ दिवसांनी पक्षाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात, मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात, अजित पवार जाहीर भाषणात मागणी करतात: मला विरोधी पक्षनेतेपदातून मोकळं करा आणि संघटनेत जबाबदारी द्या.

पक्षातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला संघटनेतलं पद भाषणातून मागावं लागतं, कारण अर्ज भरून ते लढवायची सोय नाही. समोर बसलेले कार्यकर्ते टाळ्या वाजवतात. मागणीवर तिथं काही निर्णय होत नाही.

३० जून २०२३, शुक्रवार: ५१२ दिवस आधी

या दिवशी बाहेर काहीच दिसत नाही. पुढं निवडणूक आयोगापुढं आलेल्या कागदांवर मात्र हीच तारीख आहे. अजित पवार गटाच्या म्हणण्यानुसार याच दिवशी त्यांची राष्ट्रीय अध्यक्ष म्हणून निवड झाली. पक्षाचा अध्यक्ष बदलल्याचा दावा करणारा कागद तयार होता आणि पक्षाच्या लाखो सभासदांना त्याचा पत्ता नव्हता.

२ जुलै २०२३, रविवार, सकाळ: ५१० दिवस आधी

मलबार हिलवरच्या अजित पवारांच्या ‘देवगिरी’ बंगल्यावर आमदारांच्या गाड्या लागू लागतात. सुप्रिया सुळे येतात आणि निघून जातात. पुण्यात शरद पवारांना पत्रकार विचारतात तेव्हा ते सांगतात की, आमदारांची बैठक बोलावण्याचा विरोधी पक्षनेत्याला अधिकार आहे. संघटनेतल्या बदलांवर बोलण्यासाठी त्यांनी स्वतः ६ जुलैला बैठक ठेवली आहे.

चंदगडात त्या रविवारी सगळ्यांचं लक्ष पावसाकडं. त्या वर्षी पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबला होता. आता कुठं लागला होता आणि भाताचा तरवा तयार होईल की नाही ही चिंता होती.

२ जुलै, दुपारी २ च्या सुमारास

देवगिरीहून निघालेल्या गाड्या राजभवनाकडं वळतात. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे आणि उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस तिथं पोचतात. वाहिन्यांवर आधी मंत्रिमंडळ विस्तार असे शब्द फिरतात, मग अजित पवारांचं नाव येतं.

२ जुलै, दुपारी अडीचनंतर

राज्यपाल रमेश बैस अजित पवारांना उपमुख्यमंत्रिपदाची शपथ देतात. त्यांच्या पाठोपाठ छगन भुजबळ, दिलीप वळसे पाटील, हसन मुश्रीफ, धनंजय मुंडे, धर्मरावबाबा आत्राम, आदिती तटकरे, संजय बनसोडे आणि अनिल पाटील.

कोल्हापूर जिल्ह्याच्या दृष्टीनं या यादीतलं तिसरं नाव मोलाचं. मुश्रीफ कागलचे आमदार, जिल्हा मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष आणि जिल्ह्यात पक्षाचा कणा. गावातल्या सेवा सोसायटीचं पीककर्ज त्या बँकेतून येतं, त्यामुळं बँकेचा अध्यक्ष जिकडं जातो तिकडं तालुक्याच्या नेत्यांची नजर जाते. त्याच वर्षी जानेवारीत ईडीनं त्यांच्या कागलच्या घरी छापा टाकला होता. विरोधक त्याकडं बोट दाखवत होते, मुश्रीफ आरोप फेटाळत होते. अवघ्या पाच दिवसांपूर्वी, २७ जूनला, भोपाळच्या भाषणात पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला होता.

राजभवनातल्या शपथविधीला खासदार अमोल कोल्हेही हजर असतात. दुसऱ्या दिवशी ते जाहीर करतात की, आपण शरद पवारांसोबत आहोत. एका खासदाराला २४ तास लागले, तर गावच्या शाखाध्यक्षानं त्या दुपारी काय ठरवायचं होतं?

२ जुलै, दुपार ते संध्याकाळ

पुण्यात शरद पवार पत्रकारांसमोर येतात. हे आपल्याला नवं नाही, असं ते सांगतात. १९८० मध्येही बहुतेक आमदार सोडून गेले होते, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते आणि तरी पक्ष पुन्हा उभा केला. उद्या आपण कराडला जाणार, लोकांत जाणार.

मुंबईत अजित पवार सांगतात की, आपण पक्ष म्हणूनच सरकारमध्ये आलो आहोत आणि पुढच्या निवडणुका घड्याळाच्याच चिन्हावर लढवू.

कुणीही पक्ष सोडला असं म्हणत नाही. दोघंही म्हणतात, पक्ष आमचा. याचं मूळ कायद्यात आहे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट मान्य होती. २००३ च्या घटनादुरुस्तीनं ती वाट बंद केली. दोन तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन व्हावं, नाहीतर अपात्रता ओढवून घ्यावी. भावाभावांची वाटणी झाली की सातबारे वेगळे होतात. पक्षाला तशी सोय नाही. म्हणून निघणाऱ्याला आख्ख्या घरावर दावा सांगावा लागतो.

२ जुलै, रात्र

विरोधी पक्षनेता आणि मुख्य प्रतोद म्हणून जितेंद्र आव्हाड यांची नेमणूक होते. रात्री उशिरा प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील जाहीर करतात की, शपथ घेतलेल्या नऊ जणांविरुद्ध अपात्रतेची याचिका विधानसभा अध्यक्षांकडं पाठवली आहे. सकाळी एका पक्षाचे असलेले लोक मध्यरात्रीपर्यंत याचिकेतले वादी-प्रतिवादी झालेले असतात.

३ जुलै २०२३, सोमवार: ५०९ दिवस आधी

गुरुपौर्णिमा. कराडच्या प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपुढं शरद पवार उभे आहेत. मुंबईत प्रफुल्ल पटेल सुनील तटकरे यांना प्रदेशाध्यक्ष नेमल्याचं जाहीर करतात. शरद पवार पटेल आणि तटकरे यांना पक्षातून काढतात. प्रदेशाध्यक्ष दोन, प्रतोद दोन. तालुक्यातल्या कार्यकर्त्यानं निरोप कुणाचा पाळायचा?

५ जुलै २०२३, बुधवार, सकाळी ११: ५०७ दिवस आधी

वांद्र्याच्या एमईटी संस्थेत अजित पवारांची सभा. ते काकांच्या वयाचा विषय उघडपणे काढतात: ८३ वर्षं झाली, आता थांबणार की नाही?

५ जुलै, दुपारी १

यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानमध्ये शरद पवारांची सभा. वाहिन्या दोन्हीकडची डोकी मोजत असतात: इकडं किती आमदार, तिकडं किती. नेता ठरवण्यासाठी डोकी मोजावीच लागतात, हे अखेर सगळ्यांनी मान्य केलं होतं. फक्त ती पक्षाच्या मतपेटीत मोजायची सोडून वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांसमोर मोजली जात होती. त्याच दिवशी आयोगाकडं पक्षाचं नाव आणि चिन्ह मागणारा अजित पवार गटाचा अर्ज पोचतो.

चंदगडचे आमदार राजेश पाटील अजित पवारांसोबत राहतात. त्यांची बाजू समजून घेण्यासारखी आहे. १४ जुलैला खातेवाटप झालं आणि अर्थखातं अजित पवारांकडं आलं. डोंगराळ, पावसाच्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर असलेल्या तालुक्याच्या आमदाराला रस्ते, पूल, पाण्याच्या योजना यासाठी अर्थमंत्र्याच्या दारातच जावं लागतं. दुसरीकडं बाबासाहेब कुपेकरांच्या कन्या डॉ. नंदिनी बाभूळकर शरद पवारांसोबत राहतात. कुपेकरांच्या माणसांना साहेबांना सोडणं म्हणजे बाबासाहेबांना सोडल्यासारखं वाटतं. दोन्ही निष्ठा खऱ्या होत्या. त्यातली कोणती पक्षाची, हे विचारायला चंदगडच्या सभासदाकडं कुणी मतपत्रिका घेऊन आलं नाही.

६ फेब्रुवारी २०२४, मंगळवार: २९१ दिवस आधी

आयोगाचा निकाल येतो. पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला.

निकाल कसा लागला हे नीट पाहायला हवं. १९६८ च्या चिन्हविषयक आदेशाचा परिच्छेद १५ आयोगाला असा वाद सोडवायचा अधिकार देतो. १९७१ च्या सादिक अली खटल्यापासून त्यासाठी कसोट्या आहेत: पक्षाच्या घटनेशी कोण प्रामाणिक आहे, संघटनेत बहुमत कुणाचं, विधिमंडळात बहुमत कुणाचं. आयोगानं सांगितलं की, दोन्ही गट पक्षाच्या घटनेबाहेर वागत होते. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुका विश्वास ठेवावा अशा झालेल्याच नव्हत्या, त्यामुळं संघटनेतलं बहुमत मोजायला आधार नाही. राहिली विधिमंडळाची कसोटी. खासदार, आमदार मिळून ८१ लोकप्रतिनिधी. अजित पवारांच्या बाजूनं ५७ प्रतिज्ञापत्रं, शरद पवारांच्या बाजूनं २८.

यातले पाच आमदार आणि एक खासदार असे सहा जण दोन्हीकडं सह्या करून बसले होते. स्टँप पेपर घ्यायचा, नोटरीपुढं जायचं, शपथेवर लिहून द्यायचं की माझा नेता अमुक. मग दुसरा स्टँप पेपर घ्यायचा आणि लिहून द्यायचं की माझा नेता तमुक. त्या सहा जणांना आपापल्या मतदारसंघात पुन्हा तोंड दाखवायचं होतं.

२४ वर्षं ज्यांनी बूथ सांभाळले, सतरंज्या उचलल्या, सभासद पावत्या फाडल्या, त्यांचं मत या ८१ च्या हिशेबात कुठंच नव्हतं. पक्षानंच त्यांची मोजदाद ठेवली नव्हती, तर आयोग काय मोजणार?

दुसऱ्या दिवशी शरद पवारांच्या गटाला नवं नाव मिळालं आणि त्याच महिन्यात तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह. १५ फेब्रुवारीला विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनीही खरा पक्ष अजित पवारांचा असं ठरवलं.

थोडं थांबून: लंडन, जानेवारी १९८१

नियम नसल्यामुळं पक्ष फुटतात तसे नियम बदलल्यामुळंही फुटतात. २४ जानेवारी १९८१ ला ब्रिटनच्या मजूर पक्षानं वेम्ब्लीच्या खास अधिवेशनात नेतानिवडीची पद्धत बदलली. तोवर नेता खासदार निवडत. आता ४० टक्के वजन कामगार संघटनांना, ३० खासदारांना आणि ३० मतदारसंघांतल्या शाखांना. दुसऱ्याच दिवशी चार ज्येष्ठ नेत्यांनी लाइमहाउसचा जाहीरनामा काढला आणि मार्चमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. १९८३ च्या निवडणुकीत मजूर पक्षाला २७.६ टक्के मतं पडली आणि लिबरल व सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५.४ टक्के. मार्गारेट थॅचर यांनी ४२.४ टक्क्यांवर ६५० पैकी ३९७ जागा नेल्या. त्या पराभवाला इतरही कारणं होती. पण मजूर पक्षाला सत्तेवर परतायला १९९७ उजाडलं.

तरीही एक फरक उरतो. फुटणाऱ्यांनी ‘मजूर पक्ष आमचाच’ असा दावा केला नाही. त्यांनी नवं नाव घेतलं आणि मतदारापुढं गेले. कुणाचं नाव खरं, याचा निवाडा करायला तिथं कोणत्या आयोगाला बसावं लागलं नाही.

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार, दुपारी ३: मतमोजणीला ४४९ तास

उमेदवारी मागं घेण्याची मुदत संपते. चंदगडच्या रिंगणात घड्याळावर राजेश पाटील, तुतारीवर डॉ. नंदिनी बाभूळकर. जागा सत्ताधारी महायुतीत अजित पवार गटाला गेल्यामुळं भाजपचे शिवाजी पाटील अपक्ष उभे आहेत. ‘दौलत’ साखर कारखाना चालवायला घेतलेले मानसिंग खोराटे जनसुराज्य पक्षाकडून उभे आहेत. बंडखोरी महाविकास आघाडीतही आहे. लढत पंचरंगी.

शिवाजी पाटील २०१९ लाही अपक्ष लढले होते आणि साडेचार हजारांहूनही कमी मतांनी हरले होते. तेव्हा त्यांच्यासमोर राष्ट्रवादीची एकसंध मतं होती. २०२४ ला ती दोन चिन्हांत वाटली गेली होती. पाच वर्षं तयारी करणाऱ्या उमेदवाराला हे गणित न कळण्यासारखं नव्हतं. ज्यांची मतं वाटली गेली त्यांनाही ते कळत होतं. पण दुपारी ३ नंतर कळून उपयोग नव्हता.

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार: १७ दिवस आधी

सर्वोच्च न्यायालय अजित पवार गटाला सांगतं की, घड्याळाचं चिन्ह न्यायप्रविष्ट आहे असा खुलासा ३६ तासांत वृत्तपत्रांतून, मराठीसह, छापा. मतदानाला दोन आठवडे उरलेले असताना मतदाराला वर्तमानपत्रात वाचावं लागतं की, समोरचं चिन्ह कुणाचं हे अजून पुरतं ठरलेलं नाही.

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार, संध्याकाळी ६: ११० तास

प्रचाराच्या तोफा थंडावतात. कर्णे उतरतात. आता घरोघरच्या गाठीभेटी. याच वेळी फुटीची धग सगळ्यांत जास्त जाणवते, कारण सभेत नेत्याला टाळ्या वाजवता येतात, पण उंबऱ्यावर शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. २०१९ ला ज्याच्यासोबत याच गल्लीत घड्याळाची स्लिप वाटली, तो आता तुतारीची स्लिप घेऊन समोरून येतो. चहा दोघांनाही त्याच घरात मिळतो. घरातली म्हातारी विचारते, अरे, दोघंबी साहेबांचीच माणसं ना, मग मत कुणाला द्यायचं?

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार, सकाळी ७: ७३ तास

मतदान सुरू होतं. मतदान केंद्रापासून २०० मीटरबाहेर उमेदवारांची टेबलं लागतात: एक टेबल, दोन खुर्च्या, मतदारयादी, स्लिपांचा गठ्ठा. जिथं आधी राष्ट्रवादीचं एकच टेबल असायचं तिथं आता दोन. यादीतल्या ज्या नावांवर दोन्हीकडं ‘आपलं’ म्हणून खूण केलेली आहे, ती नावं दोन्ही टेबलांवर सारखीच. संध्याकाळी ६ वाजता मतदान यंत्रं सीलबंद होतात.

२३ नोव्हेंबर २०२४, शनिवार, सकाळी ८: शून्य

आधी टपाली मतं, मग यंत्रं. टेबलावर कंट्रोल युनिट येतं, सील तपासलं जातं, निकालाचं बटण दाबलं जातं. छोट्या पडद्यावर उमेदवाराचा क्रमांक आणि त्यापुढं आकडा उमटतो. जाळीपलीकडं बसलेले मतमोजणी प्रतिनिधी तो वहीत उतरवून घेतात. घड्याळाच्या रकान्यात एक आकडा, तुतारीच्या रकान्यात एक आकडा. दोन्ही रकाने भरत जातात आणि तिसरा त्यांच्या वर राहतो.

शेवटचा हिशेब: शिवाजी पाटील ८४,२५४. राजेश पाटील ६०,१२०. डॉ. नंदिनी बाभूळकर ४७ हजारांवर. दोघांची बेरीज १ लाख ७ हजारांहून अधिक.

दोन्ही गट एकत्र असते तर सगळी मतं एकाच उमेदवाराला पडली असती, असं कुणी ठामपणे म्हणू नये. कुणी साहेबांसाठी मत दिलं, कुणी अजितदादांसाठी, कुणी पाटलांच्या किंवा कुपेकरांच्या घराण्यासाठी. शिवाजी पाटलांचा विजयही नुसता फुटीवर उभा नाही. पाच वर्षं मतदारसंघात पायपीट केल्याशिवाय ८४ हजार मतं पडत नाहीत. पण एक गोष्ट चंदगडबाहेर जाऊन पाहावी. २८८ जागांच्या त्या निवडणुकीत सबंध महाराष्ट्रात दोनच अपक्ष निवडून आले: चंदगडला शिवाजी पाटील आणि जुन्नरला शरद सोनवणे. जुन्नरलाही घड्याळाचे अतुल बेनके आणि तुतारीचे सत्यशील शेरकर समोरासमोर होते. दोन्ही ठिकाणी अपक्षासमोर राष्ट्रवादीचे दोन तुकडे उभे होते. याला योगायोग म्हणणं जड जातं.

२३ नोव्हेंबर, रात्र

गडहिंग्लज तालुक्यातल्या महागावात विजयी मिरवणूक निघते. आया-बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या असतात. वरून जेसीबीतून उधळलेला गुलाल पेटत्या निरांजनांवर पडतो आणि भडका उडतो. नवनिर्वाचित आमदार आणि काही महिला भाजतात. राज्यभर त्या रात्री चंदगडचं नाव या बातमीनं पोचतं. जिंकणाऱ्यांनाही दिवस धड लाभला नाही.

लवकरच शिवाजी पाटील यांनी भाजपला पाठिंबा जाहीर केला. राज्यात अजित पवारांच्या पक्षाला ४१ जागा मिळाल्या, शरद पवारांच्या पक्षाला १०. राज्याच्या हिशेबात चंदगड ही एक जागा. चंदगडच्या हिशेबात मात्र १५ वर्षांची संघटना, दोन घराण्यांची माणसं आणि शेकडो बूथवरचे संबंध गेले.

उलटगणती थांबवता आली असती का?

हो, दोनदा. पहिल्यांदा ५ मे २०२३ ला, जेव्हा राजीनामा हातात होता आणि समितीनं निवडणुकीऐवजी ठराव केला. दुसऱ्यांदा २१ जूनला, जेव्हा पद भाषणातून मागितलं गेलं आणि त्यावर मत घ्यायची तारीख कुणी दिली नाही. दोन्ही वेळा काका-पुतण्यांच्या संबंधांची चर्चा झाली, सभासदांच्या हक्काची झाली नाही.

हा दोष एका पक्षाचा नाही. शिवसेनेच्या बाबतीत फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगानं पक्षांतर्गत लोकशाहीबद्दल असेच ताशेरे ओढले होते. आयोगाकडं पक्षांची नोंदणी होते आणि घटना दाखल होते. पण त्या घटनेप्रमाणं निवडणुका झाल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच स्पष्ट केलं आहे. म्हणजे नियम मोडल्याची शिक्षा कुणालाच नाही. शिक्षा होते ती त्याच्या परिणामाची, आणि ती भोगतात चंदगडसारख्या ठिकाणचे लोक.

कायदा बदलायला वर्षं लागतील, आणि तो बदलायचा आहे त्याच पक्षांनी, ज्यांची त्यात गैरसोय आहे. तोवर हे काम सभासदानंच करायला हवं. जिल्हाध्यक्ष असो की राष्ट्रीय अध्यक्ष, नेमणुकीच्या पत्राला टाळ्या वाजवणं थांबवावं. पुढच्या वेळी कोणत्याही पक्षाचा माणूस सभासद नोंदणीचं पुस्तक घेऊन दारात आला, की पावती फाडण्याआधी त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: या सभासदत्वात नेता निवडायचं मत आहे का, ती निवडणूक कोणत्या तारखेला होते आणि मतं कोण मोजतं. तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.